अठ्ठावीस दात

आश्विन पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना जयवंताला दात आले. वरचे आणि खालचे, एकाच सकाळी, दहा ते साडेदहाच्या दरम्यान. वय वर्षे अठ्ठावन्न.

आता कोणी म्हणेल, या वयात दात हवेत कशाला? भाकरीसाठी तर नव्हेतच. भाकर ती वरणात मोडून, ताकात भिजवून, निमूट खात होती. तिला दात हवे होते शील देण्यासाठी.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन वलगावला परतल्यावर वस्तीतल्या बायकांत त्रिसरण-पंचशील सगळ्यांत आधी पाठ केलं ते जयवंतानं. अक्षर ओळखीचं नव्हतं. मुलगा जानराव पुस्तकातून म्हणायचा आणि ती जात्यावर बसून मागून म्हणायची. पीठ पडत गेलं, शब्द बसत गेले. मग दर पौर्णिमेला ती पुढे बसे, एकेक ओळ म्हणे, आणि मागच्या बायका ती ओळ जशी कानावर पडली तशीच उचलत. त्यालाच शील देणं म्हणायचं. पण गेल्या तीन वर्षांत एकेक करून दात गेले आणि शब्दांचा नुसता वारा झाला. शेजारची इंदूबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "जयवंताबाई काय म्हणते थे तिले आन भगवंतालेच ठाऊक." सगळ्या हसल्या. जयवंताही पदराआड हसली, आणि पुढच्या पौर्णिमेपासून मागे जाऊन बसली. पुढे तिची सून ललिता बसू लागली. ललिता आठवी शिकलेली, तिचे दात मोत्यासारखे. तक्रारीला कुठे जागाच नव्हती.

पण यंदा वस्तीनं विहार बांधला होता. चार भिंती, वर टिनाचं छप्पर. भिंतींची माती बायकांनी स्वतः तुडवली होती. त्यात वर्षावासाची, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या व्रताची, शेवटची पौर्णिमा पहिल्यांदाच व्हायची होती. त्या दिवशी त्या भिंतींत आपल्या तोंडून एकदा शील दिलं जावं, एवढीच जयवंताची इच्छा. ती तिनं कोणाला सांगितली नाही. मुलाला एवढंच म्हणाली, "जानराव, मले दात बसवून दे."

अमरावतीच्या गयासुद्दीन डॉक्टरांनी चार फेऱ्यांत मापं घेतली, मेण चाववलं, आणि पाचव्या फेरीला कवळी बसवून तिच्या हातात आरसा दिला.

"देखो माँजी, कैसी हो!"

जयवंतानं पाहिलं आणि पदर तोंडावर ओढला. आरशात कोणी परकी बाई हसत होती, आणि तिचं तोंड फार मोठं होतं. मग तिनं जीभ फिरवली, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि हळूच म्हणाली, "डॉक्टरसायब, चार कमी हायेत."

"कौनसे चार?"

"माणसाले बत्तीस असतेत नं? हे अठ्ठावीस झाले."

डॉक्टर खुर्चीला धरून हसले. "माँजी, अक्कलदाढ मैं नहीं देता. अक्कल ज्याची त्यानं घरून आणायची."

मग त्यांनी नियम सांगितले. रात्री काढून पाण्यात ठेवायचे, दिवसा काढायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी चावायचं, सावकाश चावायचं. आणि रोज मोठ्यानं बोलायचं, म्हणजे जिभेची आणि दातांची ओळख होईल. "नये मेहमान हैं. एक महिना लागेल."

"महिना? पुनव तं आठ दिवसावर आली."

"तो फिर जरा ज्यादा बोलो."

दुसरं कोणी असतं तर सल्ला ऐकून विसरलं असतं. जयवंता सल्ले ऐकत नसे, ती नेम घेत असे. परतीच्या मोटारीत तिनं दिवसा दात न काढण्याचा नेम घेतला, मोठ्यानं बोलण्याचा घेतला, आणि सावकाश म्हणजे किती यावर वाटेतल्या नवसारीपर्यंत विचार केला. वर्षावासात भंतेजी सांगून गेले होते की बुद्ध एकंदर अठ्ठावीस झाले. दातही अठ्ठावीसच मिळाले होते. तेव्हा एका घासाला अठ्ठावीस वेळा चावायचं. प्रश्न मिटला.

पुढचे दोन दिवस तोंडात कोणी पाटावरवंटा ठेवून गेल्यासारखं वाटे. लाळ आवरेना. पाणी प्यावं तर दात आधी पिणार, मग ती. पण गंमत म्हणजे वस्तीला दुसरा विषय उरला नाही. उठून-बसून बायका दात पाहायला येत.

"हास वं एकडाव," इंदूबाई म्हणाली.

"कावून हासू? हासाले कारण पायजे."

"अवं बाई, तुले बिनकारणाचं हासता येत नाई म्हणून तं बोंब हाय!"

यावर जयवंताला खरंच हसू आलं आणि ते थांबेना. तेवढ्यात वरची कवळी सुटून खाली आली. हसू चालूच होतं, दात मात्र मिटले होते. इंदूबाई उंबऱ्यावर बसली ती पोट धरून आडवीच झाली. दोघी इतक्या हसल्या की ललिता पोळपाट-लाटणं घेऊन बाहेर आली, तिला वाटलं कोणी पडलं.

शील म्हणायला घेतलं तेव्हा मात्र भलतंच झालं. 'सरणं' म्हणताना 'स'बरोबर शिट्टी वाजली. साधीसुधी नाही, पोलिसाची. इंदूबाईचा काळा कुत्रा धावत आला आणि शेपूट हलवत समोर बसला. जयवंतानं त्याला हाकललं, पुन्हा म्हटलं, कुत्रा पुन्हा आला. त्रिसरण पुरं होईपर्यंत नऊ वेळा 'सरणं' येतं. नऊ वेळा तो आला. पंचशीलात तर पावलापावलावर 'स' होता. ती जिभेला समजावी, "हळू माय, हळू," पण जीभ नव्या दातांना पाहून बिचकलेली, ती कोणाचं ऐकेना. आवाज बारीक केला तर शिट्टी बारीक होई, एवढंच.

"आत्याबाई, यंदा तुमीच द्या शील," चतुर्दशीच्या रात्री ललिता म्हणाली. तिला सगळं कळत होतं.

"नाई वं. हासतील बाया. माह्यावर हासल्या तं हासू दे, पण शील घेतानी हासल्या तं पाप कोनाले?" जयवंता दात वाटीत सोडत म्हणाली. "तूच दे. मी मांगून घेतो."

पौर्णिमेला सकाळी ललितानं शील दिलं. त्या दिवशी पाच नव्हे, आठ शीलं घ्यायची असतात, आणि त्यातलं एक असं की दुपारचे बारा वाजले की दुसरा दिवस उजाडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. जयवंता शेवटच्या रांगेत ओठ मिटून, मनातल्या मनात म्हणत होती.

मग पंगत बसली. बारा बायका, समोर रोडगे, वरण, वांग्याची भाजी. वाढायला ललिता आणि पार्बताबाई. वेळ चुकू नये म्हणून ललितानं घरचं गजराचं घड्याळ आणून कोनाड्यात ठेवलं होतं. अक्षर येत नसलं तरी घड्याळ जयवंताला कळायचं. उपोसथाला, म्हणजे अशा आठ शीलांच्या दिवशी, बाराची वेळ कळावी म्हणून जानरावनं ते तिला शिकवलं होतं. बसली तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

वलगावच्या पंगतीचा कायदा असा की वयानं सगळ्यांत मोठं माणूस उठल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि पहिली पंगत उठल्याशिवाय वाढणाऱ्या बसत नाहीत. वयानं सगळ्यांत मोठी जयवंता. आणि गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेला रोडगा हा काही खिचडी नव्हे. ललितानं तिच्यासाठी मऊ पाहून निवडला होता, पण मऊ झाला तरी रोडगा तो रोडगाच.

एक घास. उजवीकडे चौदा, डावीकडे चौदा. दुसरा घास. उजवीकडे चौदा, डावीकडे चौदा.

बाकीच्यांची जेवणं उरकली. हात वाळले. इंदूबाईला राहवेना.

"जयवंताबाई, तू दीक्षा घ्याले गेली तवा संगं कोन कोन होतं वं?"

जयवंतानं हातानं थांब म्हटलं. सतरा, अठरा.

"आन गाडी कोनत्या टेशनावर बदलली?"

एकोणीस. नाही, वीस. की एकोणीसच? नेम तो नेम. तिनं पहिल्यापासून मोजायला घेतलं. पंगतीत खसखस पिकली.

"नोका वं बोलू तिच्यासंगं," कोणीतरी कळवळून म्हणालं, "आमाले अठीच रात होईन!"

जयवंतानं मान वर केली तेव्हा पावणेबारा झाले होते. ताटात अर्धा रोडगा. भिंतीशी ललिता आणि पार्बताबाई रिकाम्या पोटी उभ्या. आपण उठलो नाही तर या दोघी उद्या सकाळपर्यंत उपाशी. आणि अर्धं ताट टाकून उठावं तर नव्या विहारातलं पहिलं अन्न टाकल्यासारखं. तिनं डोळे मिटले आणि पुढच्या घासावर सगळं मन लावलं. उजवीकडे चौदा, डावीकडे चौदा. आजूबाजूला बायका भलत्याच हसायला लागल्या होत्या. एकीनं तोंडात पदर कोंबला, दुसरी तिसरीच्या खांद्यावर पडली. माझ्या चावण्यावरच हसतात, हसोत, असं म्हणून ती मोजत राहिली.

चार घास झाले. तिनं पुन्हा कोनाड्याकडे पाहिलं. साडेअकराला पाच कमी.

ती चावायची थांबली. कितव्या अंकावर होती तेही विसरली.

"ललिता," ती हळू म्हणाली, "मगा पावनेबारा होते. आता साडेअकराबी नाई झाले. येळ मांग चालून राह्यली का वं?"

ललिताच्या हातातली पळी वरणात बुडाली.

"आत्याबाई, म्या मांग केलं. पंधरा मिनिटं. तुमी उपाशी राह्यान म्हणून."

जयवंतानं घड्याळाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"आन मीबी उपाशी राहीन म्हणून," ललितानं उरलेलं सांगून टाकलं.

"पंधरा मिनिटानं एवढं मांग जात नाई."

कोनाड्याखाली बसलेली इंदूबाई ताटात बोटानं रेघा ओढत होती. "बाकीचे पंधरा माहे."

"तुवा? पंगतीतून उठून?"

"उठली कुठी? हात वर करून आळस दिला नं, तवाच."

जयवंताच्या डोळ्यांसमोर हिशेब उभा राहिला. म्हणजे बाराला पाचच मिनिटं! तिनं हातातला घास खाली ठेवला. या दोघी आता काय जेवणार? ती गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली, तोच दारात जानराव आला. हातात केळ्यांचा घड, विहारात द्यायला आणलेला. त्यानं कोनाड्याकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, पुन्हा कोनाड्याकडे पाहिलं.

"अरे वा! घड्याळ बरोबर कोनं केलं?"

"बरोबर?" ललिता म्हणाली.

"अकरा पंचीस. बिलकुल बरोबर. नाई तं अर्धा तास पुढं असते नं थे." आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे बोलायचं नव्हतं.

ललिता कमरेवर हात ठेवून पुढे आली. "पुढं असते म्हंजे? कवापासून?"

"ते... मले शाळेत शिकवाले उशीर होऊ नाई म्हणून... लग्नानंतर लगेच..."

"दोन वरसं! दोन वरसं मले अर्धा तास आधी उठवून राह्यले तुमी? आन माह्या बाबानं देलेलं घड्याळ मनगटावर, थे बरोबर?"

"थे बरोबर."

मग जे झालं त्याला नुसतं हसणं म्हणता येणार नाही. इंदूबाईनं भिंतीवर डोकं टेकलं. "अवं, दोघींनं मिळून घड्याळ दुरुस्त केलं की वं आपुन!" पार्बताबाई, जी वर्षातून चार वेळा बोलते, ती रडत होती, हसून हसून. जयवंतानं वरची कवळी अंगठ्यानं धरून ठेवली होती आणि खांदे गदागदा हलत होते. जानराव केळी घेऊन तसाच उभा.

हसणं ओसरल्यावर पार्बताबाईनं डोळे पुसले आणि यंदाचं पाचवं वाक्य बोलली.

"पन शील तं मोडलं नं? खोटं नाई करायचं म्हणून सकाळीच घेतलं. म्या ललिताले काटा फिरवतानी पाह्यलं आन गप राह्यली."

"आमीबी पाह्यलं," दोघीतिघी म्हणाल्या. सगळ्यांनीच पाहिलं होतं. म्हणून तर ते हसणं. पाहिलं नव्हतं फक्त जयवंतानं, ती अठ्ठावीस मोजत होती.

"मोडलं तं फिरून घेता येते," इंदूबाई म्हणाली. "भंतेजी सांगून गेले."

"दे वं ललिता," एकजण म्हणाली.

"मी?" ललिता एक पाऊल मागे सरली. "मीच मोडलं पयले. फुटक्या घागरीनं पानी कसं वाढू?"

"जानराव?"

"त्याचं तं दोन वरसाचं हाय!"

आणि मग एकेक करून सगळ्या मानांनी जयवंताकडे पाहिलं.

"मले नोका पाहू," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षाही बारीक निघाला. "माही शिट्टी वाजते. कुत्रे येतेत."

"वाजू दे," इंदूबाई म्हणाली. तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "आमचे दात चांगले हायेत, जयवंताबाई, आन तोंडं खोटी. तुये दात खोटे, पन तोंड खरं हाय. आता नाटक नोको करू. ह्या दोघी भुक्या हायेत."

जयवंता उठली. ती उठली म्हणून पंगत उठली. तिनं बाहेर जाऊन चूळ भरली, अंगठ्यानं वरचे दात दाबून बसवले, आणि येऊन बुद्धाच्या मूर्तीसमोर बसली. मागे तेरा बायका. तिनं हात जोडले, डोळे मिटले, आणि जे होईल ते होवो म्हणून म्हणायला सुरुवात केली.

पहिल्याच 'सरणं'ला शिट्टी वाजली. टिनावर जाऊन आदळली.

जयवंतानं डोळे आणखी घट्ट मिटले. आता खसखस पिकणार. आता इंदूबाईचं फस्सकन सुटणार.

मागून तेरा तोंडांनी ओळ परत आली. सबंध आली. शिट्टीसकट.

तिनं एक डोळा किलकिला करून मागे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि ओठांचा चंबू करून बायका मन लावून शिट्टी वाजवत होत्या. त्यांना कुठे पुस्तक ठाऊक होतं? पुढून जसं आलं तसं घ्यायचं, एवढंच त्या शिकल्या होत्या, आणि ते जयवंतानंच शिकवलं होतं. पुढची खोकली असती तर मागच्या खोकल्या असत्या.

दुसरी ओळ, तिसरी ओळ. नवव्या 'सरणं'पर्यंत सगळ्यांची शिट्टी एका तालात बसली. रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाडीवाल्यानं बैल थांबवले. जानरावला हसावं की हात जोडावे कळेना. हातात केळी होती, त्यामुळे जोडताही येईनात. शीलं सुरू झाली. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा जयवंतानं डोळे पूर्ण उघडून आधी सुनेकडे, मग शेजारणीकडे, मग मुलाकडे पाहिलं, आणि ते इतकं सावकाश म्हटलं की त्यातली शिट्टी मोटार निघाल्यासारखी लांबली. तेरा जणींनी तीही तेवढीच लांबवली.

शेवटचं शील संपलं. तिनं तीन वेळा साधु म्हटलं, बाकीच्यांनी मागोमाग. आणि मग, सगळ्यांच्या आधी, जयवंता हसली. पदर मांडीवरच राहिला.

"बसा वं," ती ललिताला आणि पार्बताबाईला म्हणाली, "बारा वाजाले पंधरा मिनिटं हायेत. खरे पंधरा. मी वाढतो."

ललितानं रोडगा पाच घासांत संपवला आणि चावला किती वेळा हे कोणी मोजलं नाही.

संध्याकाळी वंदनेला टिनावर चांदणं पडलं होतं. ललितानं मेणबत्त्या लावल्या, फुलं ठेवली, आणि आपलं बसायचं फारकं दुसऱ्या रांगेत अंथरलं.

"तुही जागा पुढं हाय," जयवंता म्हणाली.

"नाई आत्याबाई. बाया सकाळपासून शिट्टीनं म्हणून राह्यल्या, मले वाजवता येत नाई. मी मांगून शिकतो."

जयवंता पुढे जाऊन बसली. पहिला शब्द तिच्या तोंडून इतका मोठ्यानं निघाला की इंदूबाईनं मिटलेले डोळे उघडून पाहिलं, बाई तीच आहे ना म्हणून.